मुंगसाचं अनेकवचन

शेजारची सातवीतली मुलगी संध्याकाळी वही घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसते. त्या आठवड्यात शाळेत इंग्रजीची अनेकवचनं चालू होती. फूटचं फीट, टूथचं टीथ, गूसचं गीस. एका ओळीवर ती अडली आणि पेन्सिल तशीच धरून तिनं विचारलं, "काका, मंगूसचं काय करायचं? मंगीस?"

"नाही. मंगूसेस."

"पण गूसचं गीस होतं ना?"

तिचा प्रश्न रास्त होता. कान जे ऐकतो त्यावरून तिनं नियम लावला होता, आणि भाषा शिकणारं प्रत्येक माणूस तेच करतं. मी म्हटलं, "त्यातला गूस म्हणजे तो पक्षी नाहीच. तो आपला शब्द आहे. मुंगूस. इंग्रजांनी इथून नेला." ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं वहीत तो शब्द परत एकदा, जरा सावकाश लिहिला, आणि पुढच्या ओळीकडे वळली. तिचा गृहपाठ संपला. माझ्या डोक्यातून मात्र तो शब्द जाईना.

आमच्या मागच्या गल्लीत, पडक्या कुंपणाच्या दगडांत मुंगसांची एक जोडी राहते. ऊन जरा वर चढलं की ती बाहेर पडतात. मुंगूस चालताना पावलं दिसतच नाहीत. उतारावरून पाण्याचा ओघळ यावा तसं ते दगडांच्या कडेकडेनं सरकत येतं. मग एकदम थांबतं, मागच्या दोन पायांवर उभं राहतं, पुढचे पंजे छातीशी लोंबते ठेवतं आणि नाक फिरवत हवेचा अंदाज घेतं. त्याचा रंग सांगणं कठीण. करडा म्हणावा तर उन्हात पिवळट दिसतो, सावलीत काळपट. जवळून बघायला मिळालं तर कळतं की एकेका केसावर फिकट आणि गडद पट्टे एकाआड एक असतात, त्यामुळे ते हललं की रंगही हलतो. शेपूट जवळजवळ अंगाएवढंच लांब. डोळे तांबूस, आणि त्यांत भीतीपेक्षा चौकसपणा जास्त.

लहानपणी आम्हाला ते दिसलं की आम्ही जागच्या जागी थांबायचो. मुंगसाचं नुसतं शेपूट दिसून भागत नसे, तोंड दिसायला हवं. तोंड दिसलं तर दिवस चांगला जाणार, परीक्षेला निघालेल्याला तर पेपर सोपा जाणार. म्हणून आम्ही त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवायची विनवणी करायचो, आणि ते खरोखर वळून बघायचं. चाहूल लागली की मागे वळून बघणं हा त्याचा स्वभावच आहे, पण तेव्हा आम्हाला ते रामाच्या शपथेला जागतं असंच वाटे. आजही गावाकडे जाताना एसटीसमोरून मुंगूस आडवं गेलं तर सीटवरच्या दोन-चार बायका आपसूक हात जोडतात. मांजर आडवं गेल्यावर थबकणारी हीच माणसं मुंगसाला मात्र मान देतात.

या प्राण्याला आपण जे नाव दिलं ते संस्कृतातून आलेलं नाही. संस्कृतात तो नकुल. त्या नकुलाचा हिंदीत नेवला झाला, बंगालीत नेउल झाला. पांडवांतला चौथा भाऊ या नावाचा. महाभारताच्या अश्वमेध पर्वात युधिष्ठिराच्या यज्ञाला येऊन, हा यज्ञ एका गरिबाच्या मूठभर सातूच्या दानाएवढाही नाही, असं भर सभेत सांगणारा अर्ध्या सोनेरी अंगाचा प्राणी तोही नकुलच. मराठीनं हे नाव ऐकलं नव्हतं असं नाही, पण अंगणात, बांधावर, कौलांवर दिसणाऱ्या जनावरासाठी तिनं शेजारणींचा शब्द धरला. कन्नडात मुंगुसि, तेलुगूत मुंगिस, आपल्याकडे मुंगूस. दख्खनच्या पठारावर एकमेकांच्या शिवारांत ये-जा करणाऱ्या माणसांनी हा शब्द कधीतरी एकमेकांना दिला. तमिळ मुलखात गेलं की तो संपतो. तिथे हेच जनावर कीरी होतं. म्हणून ओट्यावर मी जे "आपला शब्द" म्हणालो, त्यातलं 'आपला' जरा मोठं करून घ्यायला हवं. इंग्रजी कोशकार या शब्दाचं मूळ मराठीत दाखवतात आणि मला त्याचा आनंद होतो. पण कर्नाटकातल्या किंवा तेलंगणातल्या एखाद्या आजीनं त्यावर हक्क सांगितला तर मी तिच्याशी भांडणार नाही.

जगात या प्राण्याचं नाव दुसरंही काही होऊ शकलं असतं. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्टा यानं १५६३ साली इथल्या औषधींवर ग्रंथ छापला. सापाच्या विषावरच्या मुळांबद्दल सांगताना त्यानं या जनावराचा उल्लेख केला तो कीरी, कीरिप्पिळ्ळै या दक्षिणेकडच्या नावांनी. ती नावं युरोपात रुजली नाहीत. ग्रीकांकडून आलेलं इक्न्यूमन हे नाव विद्वानांच्या पुस्तकांत होतं, तेही लोकांच्या तोंडी बसलं नाही. टिकलं ते मुंगूस.

इंग्रजीत हा शब्द छापून आला त्याचा मान सहसा जॉन फ्रायरच्या पुस्तकाला दिला जातो. फ्रायर ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यवैद्य. १६७३ साली तो हिंदुस्थानात उतरला. मुंबई, सुरत, कारवार, गोवा असा फिरला. शिवराज्याभिषेकाच्या आगेमागे तो या किनाऱ्यावर होता. जुन्नरच्या मुघल अंमलदारानं बोलावलं म्हणून कल्याणहून घाट चढून जुन्नरलाही गेला. दिसेल ते टिपून ठेवायची त्याला सवय होती: फळं, झाडं, रोग, बाजारभाव, साधूंच्या जटा. पुस्तक मात्र निघालं १६९८ साली. त्यात मुंगूस येतं ते ओझरतं, युरोपात ससे धरायला पाळतात त्या फेरेटच्या जातीचं जनावर म्हणून.

ते वाचल्यापासून माझं मन फ्रायरपेक्षा दुसऱ्याच एका माणसापाशी घुटमळतं. परक्या मुलखात नवं जनावर दिसलं तर प्रवासी काय करतो? बोट दाखवतो आणि बरोबरच्याला विचारतो, हे काय? कोणीतरी उत्तर दिलं असणार. पालखीचा भोई असेल, दुभाषा असेल, ओसरीवर वारा घालणारा नोकर असेल, बाजारात दोरीला बांधलेलं मुंगूस घेऊन बसलेला गारुडी असेल. तो म्हणाला असेल, "मुंगूस आहे, साहेब." पुढच्या कामाला लागला असेल. त्याला कुठे ठाऊक की आपण आत्ता जे बोललो ते समुद्रापार जाईल आणि साडेतीनशे वर्षांनी एका सातवीतल्या मुलीच्या वहीत अनेकवचन होऊन परत येईल! त्याचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही. इंग्रजीत गेलेले आपले शब्द अशाच कोणाकोणाच्या तोंडून गेले. कोशात त्यांच्यापुढे भाषेचं नाव लिहिलेलं असतं; बोलणाऱ्याचं नाव लिहायला कोशात जागाच नसते.

नाव परदेशी गेलं त्याच्या कितीतरी आधी या प्राण्याची गोष्ट मात्र जाऊन पोचली होती. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रातली ती ब्राह्मणीची गोष्ट. पाळण्यातल्या बाळाजवळ मुंगसाला ठेवून ती पाण्याला जाते. साप येतो, मुंगूस त्याचे तुकडे करतं आणि रक्तानं माखलेल्या तोंडानं तिला सामोरं धावतं. ती बाळाचं रक्त समजून त्याच्यावर घागर घालते. आत जाऊन बघते तो बाळ सुखरूप. ही गोष्ट सहाव्या शतकात पहलवीत गेली, आठव्या शतकात अरबीत. तिथे मुंगसाची जागा वीझल नावाच्या लांबोळक्या प्राण्यानं घेतली, आणि युरोपात पोचेपर्यंत त्याचा कुत्रा झाला. वेल्समध्ये बेडगेलर्ट नावाचं गाव आहे, तिथे राजपुत्राच्या गेलर्ट नावाच्या कुत्र्याचं थडगं दाखवतात. फ्रान्समध्ये लिऑनजवळच्या खेड्यांत तेराव्या शतकातले शेतकरी गिनफोर नावाच्या कुत्र्याला संत मानत आणि आजारी पोरांना त्याच्या थडग्याशी नेत. धर्माधिकाऱ्यांनी ते बंद पाडायचा प्रयत्न केला, पण बायका आपल्या तान्ह्यांना घेऊन येतच राहिल्या. ज्यांनी मुंगूस कधी पाहिलंही नाही, त्यांच्या लेकरांसाठी ते असं दुसऱ्याच्या रूपात राखणीला उभं होतं. मला ही हकीगत फार जवळची वाटते. उतावळेपणानं आपल्याच माणसावर हात उचलल्याचं दुःख कोणालाही परकं नसतं, त्यामुळे गोष्टीला प्राणी बदलावा लागला तरी आतलं काही बदलावं लागलं नाही.

शब्दाचं तसं झालं नाही. त्याच्या अंगावर प्रवासाच्या खुणा राहिल्या. सुरुवातीच्या इंग्रजी लेखनात तो मंगूस, मंगूझ, मंगोस अशा नाना प्रकारे दिसतो. हळूहळू इंग्रजी कानाला शेवटच्या भागात ओळखीचा पक्षी ऐकू यायला लागला आणि त्याचंच स्पेलिंग तिथे चिकटलं. अनोळखी पाहुण्याच्या तोंडावळ्यात घरातल्या कोणाची तरी चेहरेपट्टी शोधावी, अशी भाषांची ही रीतच आहे. १८८६ साली यूल आणि बर्नेल यांचा हॉब्सन-जॉब्सन हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश निघाला. त्यात हा शब्द आहे, आणि त्याचा धागा तेलुगूकडेही जातो, मराठीकडेही जातो, याची नोंदही आहे. आणखी आठ वर्षांनी, १८९४ मध्ये, मुंबईत जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगचं जंगल बुक आलं आणि त्यातल्या रिक्की-टिक्की-टावीमुळे हा शब्द इंग्रजी बोलणाऱ्या घराघरांत गेला. किपलिंगची गोष्ट घडते बिहारातल्या सिगोलीच्या छावणीत. तिथले लोक त्या जनावराला नेवला म्हणत असणार. बंगल्यातलं इंग्रज कुटुंब मात्र दख्खनचा शब्द बोलतं.

तोवर खुद्द जनावरही जहाजात चढलं होतं. प्रवासाचा हा भाग मला बेचैन करतो.

जमैकात उसाच्या मळ्यांत उंदरांनी उच्छाद मांडला होता. १८७२ साली एस्प्युट नावाच्या मळेवाल्यानं कलकत्त्याहून नऊ मुंगसं मागवली, चार नर आणि पाच माद्या, आणि मळ्यात सोडली. दहा वर्षांनी त्यानं लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या वार्षिकात आपला प्रयोग कसा यशस्वी झाला त्याचा लेख लिहिला. जमैकातून ती आसपासच्या बेटांवर गेली. १८८३ मध्ये हवाईला गेली, त्याच साली कलकत्त्याहून फिजीला. १९१० मध्ये ओकिनावाला, तिथे हाबू नावाच्या विषारी सापासाठी. जिथे ऊस, तिथे मुंगूस. आणि जिथे ऊस, तिथे गिरमिटिया मजूरही. कलकत्त्याच्याच धक्क्यावरून माणसंही यांतल्या काही बेटांकडे निघत होती. कोणी त्यांचे करार लिहिले, कोणी जनावरांचे पिंजरे मोजले.

कलकत्त्याहून गेलेली मुंगसं आपल्या कुंपणातल्यासारखी नव्हेत. ती लहान जातीची, उत्तरेकडची. बंगालीत त्यांना बेजी म्हणतात. म्हणजे जनावर बंगालचं आणि त्याच्याबरोबर गेलेलं नाव दख्खनचं. पिंजऱ्यावर बेजी लिहिलं असतं तर आज जमैकातलं मूल त्याला बेजीच म्हणालं असतं.

बेटांवर पुढे जे झालं ते होणारच होतं. उंदीर रात्री हिंडतात, मुंगूस दिवसा. हाबू सापही रात्रीचाच. भुकेलं जनावर समोर येईल ते खातं: जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी, सरडे, बेडूक, कोंबड्या. जिथे असे शिकारी कधी नव्हतेच तिथल्या पक्ष्यांना पळायचं सुचत नव्हतं. हवाईत नेने नावाचा हंसाच्या, म्हणजे इंग्रजीतल्या गूसच्या, कुळातला पक्षी आहे, जगात दुसरीकडे कुठेच नाही. त्याचीही अंडी मुंगसाच्या तोंडी पडू लागली. ज्या पक्ष्याचं नाव इंग्रजांनी चुकून त्याच्या शेपटाला जोडलं होतं, त्याच पक्ष्याच्या घरट्यात ते जाऊन पोचलं. आज जगातल्या सगळ्यांत घातक अशा शंभर उपऱ्या जीवांच्या यादीत हे लहान मुंगूस आहे. तिकडच्या मुलांच्या पुस्तकांत ते चोर आहे, लबाड आहे. कॅरिबियनमध्ये त्या धूर्त मुंगसावर जुनं लोकगीतही आहे.

मला हे वाचताना राग येतो, आणि तो मुंगसाचा येत नाही. कोणी त्याला विचारून नेलं नव्हतं. ज्याला उंदरांचं वेळापत्रक बघायचं सुचलं नाही त्या मळेवाल्याचा दोष जनावराच्या नावावर चढला आणि तिथेच राहिला. आपणही फार साव आहोत असं नाही. १९७२चा वन्यजीव कायदा असूनही चित्रकारांच्या ब्रशांसाठी इथे मुंगसं मारली जातात; त्या केसांना रंग छान धरून राहतो म्हणे. ज्याचं तोंड दिसलं म्हणून हात जोडायचे, त्याच्याच पाठीच्या केसांनी रंगवायचं. निदान ब्रश घेताना तो कशाचा आहे एवढं तरी दुकानदाराला विचारावं.

तर शब्द आता एकटाच हिंडतो आहे. हवाईच्या भाषेत तो मानाकुके झाला. त्या भाषेत व्यंजनं मोजकी, त्यामुळे 'ग' आणि 'स' दोघांनाही 'क' व्हावं लागलं. जपानीत मांगूसु झाला. फ्रेंचात मांगूस्त. नोव्हेंबर १९६१ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी क्यूबातलं सरकार उलथून टाकण्याच्या गुप्त मोहिमेला परवानगी दिली, त्या मोहिमेचं सांकेतिक नाव ऑपरेशन मंगूस. आणि शास्त्रज्ञांच्या लॅटिन नावांत मुंगोस मुंगो असं दोनदा आलं आहे ते आफ्रिकेतल्या पट्टेवाल्या मुंगसासाठी. ते टोळीनं राहतं, वारुळांत झोपतं. हिंदुस्थानात ते आढळत नाही. आपल्या कुंपणातल्या मुंगसाच्या शास्त्रीय नावात मात्र मुंगूस हा शब्दच नाही.

अमामी ओशिमा हे जपानचं दक्षिणेकडचं बेट. १९७९ मध्ये तिथे तीसेक मुंगसं सोडली, पुन्हा त्याच हाबूसाठी. ती वाढत गेली आणि फक्त त्या भागातच असणारा काळा, आखूड कानांचा अमामी ससा कमी होत गेला. मग माणसं नेमली, हजारो सापळे लावले, वासावर माग काढणारे कुत्रे तयार केले. वर्षानुवर्षं ते लोक डोंगर पालथे घालत होते. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारनं जाहीर केलं की बेटावर आता एकही मुंगूस उरलेलं नाही. ससे परत दिसू लागले आहेत. मला सशांसाठी बरं वाटतं. तरीही ती बातमी वाचून हातातलं काम काही वेळ सुचलं नाही. त्या बेटावरच्या मुलांना मांगूसु हा शब्द येतो. आपल्याकडे लहान मुलांना डायनासोर हा शब्द येतो तसाच आता तो त्यांना येत राहील.

सापाचं विष त्याला फारसं का बाधत नाही, याची गोष्ट आपल्याकडे वेगळी सांगतात. लढाई अर्धी टाकून ते रानात जातं, मुंगूसवेलीचं मूळ चावून येतं आणि पुन्हा लढतं. ती वेल कोणती हे विचारलं तर गावोगाव निराळं झाड दाखवतात. शास्त्र म्हणतं की नागाचं विष शरीरात जिथे जाऊन चिकटतं त्या जागेची घडणच मुंगसात वेगळी असते, त्यामुळे विषाला धरायला जागा मिळत नाही. शिवाय त्याची चपळाई आहे, फुलवलेले केस आहेत. ओट्यावरच्या त्या मुलीला मी पुढे दोन्ही सांगितलं. तिला वेल जास्त आवडली. मलाही.

अलीकडे मी या शब्दाचा विचार करताना मॉरिशसपाशी येऊन थांबतो. १८३४ नंतर तिथे उसाच्या मळ्यांत कामाला गेलेल्या माणसांत रत्नागिरीकडची, कोकणातली मराठी माणसंही होती. मुंबईच्या बंदरातून गेली, त्यांतली बरीच परत आली नाहीत. त्यांची पणतवंडं आजही गणपती बसवतात, तिथे त्या दिवशी सरकारी सुट्टी असते. १९००च्या सुमारास उंदरांसाठी मॉरिशसमध्येही मुंगसं सोडली गेली. इतर बेटांवर नाव आलं ते कोणाच्या तरी इंग्रजीतून, फ्रेंचातून. इथे मात्र ज्यांच्या तोंडचा तो शब्द, ती माणसं आधीच येऊन राहिली होती. मळ्यात काम करताना एखाद्या म्हाताऱ्यानं उसाच्या सरीतून ते जनावर जाताना पाहिलं असेल. कोकणातल्या घरामागचं, लहानपणचं. वस्तीवरची तरुण पोरं, तिथेच जन्मलेली, त्यांनी ते कधी पाहिलेलं नसणार. त्यांनी मुकादमाचा फ्रेंच शब्द उचलला असेल की म्हाताऱ्याला विचारलं असेल, हे काय? आणि त्यानं त्यांना नुसतं नाव सांगितलं असेल, की थांबवून, रामाची शपथ घालून तोंड दाखवायला सांगायलाही शिकवलं असेल?